रिपोर्ट दोघांचा, ठपका एकीचा

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी विदर्भात झालेल्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

विषय ठरवताना संयोजक ताईंनी मला विचारलं होतं, "जेनेटिक्स म्हणजे फार जड होणार नाही ना? जेवणानंतरचं सत्र आहे." मी त्यांना म्हटलं, इथे येणाऱ्या निम्म्या जणींच्या गावात हा विषय घराघरात आहे. तिथे त्याला जेनेटिक्स म्हणत नाहीत, 'सिकल' म्हणतात.

आनुवंशिकता हा पूर्वी प्रयोगशाळेतला आणि पुस्तकातला विषय होता. आता तो दवाखान्याच्या केसपेपरवर आला आहे. गरोदर बाई नाव नोंदवायला गेली की हिमोग्लोबिनबरोबर सिकलसेलची तपासणी होते. स्तनांचा कर्करोग झालेल्या बाईला डॉक्टर विचारतात, आईला होता का, मावशीला होता का, आणि मग काहीजणींना जनुकांची तपासणी सुचवतात. मोठ्या शहरांत आईच्या दंडातून काढलेल्या रक्तावरून गर्भाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेतात. हे सगळं वाढत जाणार आहे, आणि त्यातलं बरंचसं चांगलंही आहे. माझा त्याला विरोध नाही. मला एवढंच सांगायचं आहे की रक्ताचा रिपोर्ट कोऱ्या कागदावर येत असला तरी तो कोऱ्या घरात जात नाही. ज्या घरात तो जातो तिथे सासू असते, नवरा असतो, जात असते, सोयरीक असते. आणि त्या घरात ठपका कोणावर ठेवायचा हे रिपोर्ट येण्याआधीच ठरलेलं असतं.

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या एका चुकीतून शिकले. ती चूक तुम्हाला सांगते.

एमएसडब्ल्यू होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. एका सरकारी रुग्णालयात कंत्राटावर लागले होते. एक बाई तपासणीला आली. वय बावीस, दुसऱ्यांदा गरोदर, पाचवा महिना. कडेवर दीड वर्षाचं लेकरू. ते सारखं आजारी. हातापायाला सूज यायची, ताप यायचा, डोळे पिवळे व्हायचे, आणि रात्र रात्र रडायचं. गावात सगळे म्हणत, नजर लागली. तिची तपासणी झाली, ती 'एएस' निघाली, म्हणजे वाहक. लेकराची झाली, ते 'एसएस' निघालं, म्हणजे सिकलसेलचा आजार असलेलं. नवरा पुण्याकडे बांधकामावर गेलेला. बरोबर आली होती सासू. ती व्हरांड्यात बाकावर बसली होती.

मी उत्साहाने बाहेर गेले आणि त्या व्हरांड्यातच, चार लोकांदेखत, सांगितलं, "आजी, तुमच्या सुनेच्या रक्तात सिकल निघालं आहे. मुलालाही तपासणीला पाठवून द्या." मला वाटलं, मी दोन वाक्यं बोलले. आजींनी एकच ऐकलं. त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, "पह्यलेच सांगतलं होतं, त्या घरची पोरगी करू नका. हिच्या रक्तातच खोट हाय."

पंधरा दिवसांनी मी चौकशी केली तेव्हा ती बाई माहेरी होती. पाचव्या महिन्याचं पोट, आजारी लेकरू, आणि लेकराच्या औषधाची चिठ्ठी सासरीच राहिलेली.

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलंच नाही. लेकरू 'एसएस' होतं, याचा अर्थ काय? त्याला आईकडून एक सिकलचं जनुक आलं आणि बापाकडून दुसरं आलं. दोन्हीकडून आल्याशिवाय 'एसएस' होतच नाही. म्हणजे बापाच्या बोटाला सुई टोचायच्या आधीच बापाचा रिपोर्ट माझ्या हातात होता. तो लेकराच्या रक्तात लिहिलेला होता. मी तो वाचून दाखवला नाही. मी सुनेचा रिपोर्ट वाचला आणि मुलाला 'तपासणीला पाठवा' म्हटलं. एकीचा निकाल लागला, दुसऱ्याला तारीख दिली.

नंतर त्या बाईच्या माहेरी मी गावच्या नर्सबाईंना घेऊन गेले. समजावून सांगण्यासाठी आम्ही बांगड्या नेल्या होत्या. तेव्हापासून मी हा विषय बांगड्यांवरच सांगते. तुम्हीही तुमच्या बैठकीत करून पाहा.

लाल बांगडी म्हणजे नेहमीचं जनुक, पिवळी म्हणजे सिकलचं. प्रत्येक माणसाकडे या गुणाच्या दोन बांगड्या असतात, एक आईची, एक बापाची. वाहक म्हणजे जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे एक लाल आणि एक पिवळी आहे. वाहक माणूस आजारी नसतो. तो शेतात राबतो, ती बाळंत होते, एरवी त्याला औषधाची गरज नसते. आता आई वाहक, बापही वाहक. दोघांनी डोळे मिटून एकेक बांगडी लेकराला द्यायची. दोन्ही लाल आल्या तर लेकरू मोकळं. एक लाल, एक पिवळी आली तर लेकरू आईबापासारखं वाहक. दोन्ही पिवळ्या आल्या तर लेकराला आजार. चार शक्यतांमध्ये एक मोकळं, दोन वाहक, एक आजारी.

इथे एक गैरसमज हमखास होतो. लोक म्हणतात, चारात एक ना? मग पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन सुटली. तसं नाही. प्रत्येक गरोदरपणात बांगड्या पुन्हा हातात घ्यायच्या आणि पुन्हा डोळे मिटून द्यायच्या. दर वेळी तोच चारात एकाचा धोका. आणि आईबापांपैकी एकच वाहक असेल, दुसऱ्याकडे दोन्ही लाल असतील, तर लेकराला हा आजार होत नाही. फार तर ते वाहक होतं.

'खोट' या शब्दाबद्दलही सांगते. हे जनुक आपल्याकडे का आहे? जिथे जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचा जोर होता, आफ्रिकेत, भूमध्य समुद्राकाठी, आपल्या मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात, तिथे ते आढळतं. कारण एक पिवळी बांगडी असलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. म्हणजे ज्याला आज आपण खोट म्हणतो त्याने आपल्या पणज्या-खापरपणज्यांपैकी कितीतरी जणींना जगवलं. आणि ते एका जातीचं नाही. गोंड, माडिया, पावरा, भिल्ल या आदिवासींत आहे, पूर्वाश्रमीच्या महार समाजात आहे, कुणबी आणि तेली समाजातही आहे. आडनाव विचारून तपासणीची नळी उचलणारे लोक मी पाहिले आहेत. रक्ताला आडनाव वाचता येत नाही.

आता प्रश्न असा, की तपासणी बाईपासूनच का सुरू होते? उत्तर सोपं आहे. दवाखान्यात तीच येते. गरोदरपणामुळे ती आरोग्य व्यवस्थेच्या हाती आयती सापडते. आधी तिची तपासणी, ती वाहक निघाली तर मग नवऱ्याची, अशी ही रीत आहे. कागदावर हे काटकसरीचं दिसतं. प्रत्यक्षात नवरा वीटभट्टीवर असतो, नाहीतर शहरात, नाहीतर गावातच असून म्हणतो, "मले काय झालं? माहं रक्त कायले तपासता?" मग बाईचा अर्धा रिपोर्ट घरभर फिरत राहतो.

शिवाय वेळ निघून जाते. दोघंही वाहक असतील तर गर्भाची तपासणी करता येते. साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या पेशी घेऊन, किंवा १६ आठवड्यांच्या सुमाराला गर्भजल घेऊन. ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणी आहे. आपली बाई नाव नोंदवायला येते चौथ्या-पाचव्या महिन्यात, रिपोर्ट येतो आणखी काही दिवसांनी, नवरा येतो पोळ्याला. म्हणजे तिच्या हातात निर्णय येतो तेव्हा निर्णयाची वेळ टळलेली असते. पण दोष मात्र आलेला असतो.

या बाबतीत कायदा काय म्हणतो, हे प्रत्येक कार्यकर्तीला तोंडपाठ हवं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध आपल्या चळवळीने लढून १९८८ साली महाराष्ट्रात कायदा आणला, १९९४ साली तो देशाचा झाला, २००३ साली त्यात दुरुस्ती झाली. हा कायदा आपल्याला लिंगनिदानावरच्या बंदीसाठी आठवतो. पण त्याच कायद्यात आनुवंशिक आजारांसाठी गर्भाची तपासणी कोणत्या परिस्थितीत करता येईल हेही लिहिलं आहे. अशी तपासणी करण्याआधी बाईला तिचे धोके आणि परिणाम समजावून सांगायचे, तिला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यायची, आणि त्या संमतीची प्रत तिला द्यायची. तिची संमती. सासूची नाही, नवऱ्याची नाही. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही कायद्याने मागितलेली नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असण्याचा मोठा धोका असेल तर दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. तरीही नवऱ्याची सही आणा म्हणून परत पाठवलेल्या बाया माझ्याकडे आल्या आहेत. कायदा बाईच्या बाजूने आहे आणि खिडकी नवऱ्याच्या बाजूने.

आता मी थोडा अवघड मुद्दा मांडते. त्यावर आपल्यात मतभेद होतील, ते व्हावेत.

मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावरून ठरतं, हे आपण शिबिरांतून वर्षानुवर्षं सांगत आलो. एक्स आणि वायची चित्रं काढून दाखवली. किती बायांच्या डोळ्यांत त्या वेळी पाणी आलं असेल! मुलीच झाल्या म्हणून आयुष्यभर शिव्या खाल्लेल्या बाईला विज्ञानाने निर्दोष ठरवलं. सिकलच्या बाबतीतही आपण तेच करतो, "एकट्या बाईचं नाही, दोघांचं आहे" म्हणतो. ते खरं आहे आणि सांगायलाच हवं.

पण हिमोफिलियाचं काय करायचं? रक्त न गोठण्याचा हा आजार बहुतेक मुलग्यांना होतो, आणि त्याचं जनुक मुलाला आईकडून येतं. बाप त्यात नसतो. एका हिमोफिलियाग्रस्त मुलाच्या आईने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही त्या बाईला सांगितलंत, दोघांचं आहे. मला काय सांगाल?" मी गप्प झाले. साधारण तीनातल्या एका कुटुंबात आधी हा आजार नसतोच, जनुकात नव्याने बदल झालेला असतो, असं मी सांगू शकले असते. पण उरलेल्या दोघींचं काय?

त्या बाईने मला माझ्या घोषणेतला कच्चा धागा दाखवला. आपण जर "बाईचा दोष नाही, कारण पुरुषाचाही आहे" एवढंच म्हणत राहिलो, तर आपण दोष ही कल्पना तशीच ठेवली आणि फक्त वाटणी बदलली. मग जिथे जनुक खरोखर आईकडूनच येतं तिथे आपण तिला वाऱ्यावर सोडलं. म्हणून मी आता म्हणते, वारशात दोष नसतोच. कोणी आपलं जनुक निवडून घेत नाही आणि निवडून देत नाही. आईने लेकराला जे दिलं ते डोळे मिटून दिलं. आपल्याला उत्तर द्यायचं आहे ते 'कोणामुळे' या प्रश्नाचं नाही, 'आता काय' या प्रश्नाचं.

दुसरी गोष्ट खुणेची. अमेरिकेत सिकलसेल मुख्यतः काळ्या लोकांत आढळतो. हा आजार रक्तातल्या रेणूचा आहे हे १९४९ साली दाखवून देणारे शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग. दोन नोबेल पारितोषिकं मिळवलेला, त्यातलं एक शांततेचं, असा हा माणूस. त्यांनी १९६८ साली सुचवलं, की प्रत्येक वाहक तरुणाच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू दुःख टाळण्याचा होता. कपाळावर कोणी गोंदलं नाही, पण १९७० च्या दशकात तिथल्या अनेक राज्यांनी घाईने तपासणीचे कायदे केले, काहींनी सक्तीही केली. वाहक आणि आजारी यांतला फरक लोकांना समजावला नाही. परिणामी धडधाकट वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे त्यांना १९८१ पर्यंत बंद होते.

कपाळावरची खूण म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगायला नको. आज आपल्याकडे तपासणीनंतर निरनिराळ्या रंगांची कार्डं देतात. कार्ड वाईट नाही. ते त्या माणसाचं असेल, त्याच्या खिशात असेल, तर उपयोगाचं आहे. पण एका आश्रमशाळेत वाहक मुलामुलींची यादी फळ्यावर लिहिलेली मी पाहिली. मुलांना त्याचं फारसं काही झालं नाही. मुलींपैकी एकीची ठरलेली सोयरीक त्या उन्हाळ्यात मोडली. कार्ड खिशातून निघून कपाळावर कधी चढतं, ते कळतही नाही.

तिसरी आणि शेवटची गोष्ट. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. १७ राज्यांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन करायचं, असं त्याचं उद्दिष्ट आहे. इतकी वर्षं दुर्लक्षलेल्या आजाराकडे लक्ष गेलं, हे चांगलंच झालं. आमच्या एका बैठकीत या अभियानाची माहिती देत असताना एकोणीस वर्षांची एक मुलगी उभी राहिली. ती स्वतः 'एसएस'. म्हणाली, "ताई, निर्मूलन आजाराचं का माझं?"

तिचं म्हणणं असं होतं. तपासणीची गाडी गावात तीनदा आली. पण हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या महिनाभर केंद्रात नव्हत्या. हाडं फोडून काढावीत तशा कळा येतात, तेव्हा दवाखान्यात म्हणतात, "एवढं काय ओरडतेस?" भावाला कळा आल्या तर घरचे गाडी करतात, तिला आल्या तर सकाळची वाट बघतात. सिकलसेल २०१६ च्या कायद्याने अपंगत्वात मोडतो, पण तिला त्याचं प्रमाणपत्र मिळवायला सहा खेपा घालाव्या लागल्या.

मैत्रिणींनो, या मुलीचा प्रश्न मला सगळ्या पाठ्यपुस्तकांपेक्षा मोठा वाटतो. जन्माला येण्याआधी जिची एवढी काळजी, तिची जन्माला आल्यावर का नाही? आजारी लेकरू नको म्हणणाऱ्या आईचा निर्णय मी मानते. असंच लेकरू वाढवीन म्हणणाऱ्या आईचाही मानते. पण औषध नाही, पैसा नाही, घरची साथ नाही, अशा वेळी घेतलेल्या निर्णयाला मोकळा निर्णय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग आपण करायचं काय? मी माझ्यापुरती चार कामं ठरवली आहेत, ती तुमच्यापुढे ठेवते.

पहिलं, जोडप्याची तपासणी एकाच दिवशी मागू या. शक्य तर गरोदरपणाच्या आधी, आणि मुलामुलींना कॉलेजच्या वयातच त्यांचं रक्त कळू दे. साखरपुड्याच्या पाटावर कळलेलं रक्त मुलीचाच घात करतं.

दुसरं, रिपोर्ट बंद खोलीत, तिच्या बोलीत, तिच्या हातात. व्हरांड्यात नाही, फळ्यावर नाही, ग्रामसभेत नाही. दोघांना सांगायचं असेल तर दोघांना एकत्र बसवून.

तिसरं, जिथे तपासणी तिथे समुपदेशन आणि तिथेच औषध. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्यांचा साठा किती आहे हे दर महिन्याला विचारायला आपल्या गटातल्या दोघीजणी गेल्या तरी फरक पडतो. आमच्याकडे पडला.

चौथं, आपली भाषा तपासू या. 'रक्त खराब', 'खोट', 'निर्दोष घराणं' हे शब्द आपल्याही तोंडी आहेत. माझ्याही होते.

त्या बावीस वर्षांच्या बाईचं पुढे काय झालं, ते सांगून थांबते. नवरा पोळ्याला आला. त्याची तपासणी झाली, तोही 'एएस'. मी त्याच्या आईसमोर, या वेळी दार लावून, बांगड्या मांडल्या. लेकराच्या दोन पिवळ्या बांगड्या ठेवल्या आणि विचारलं, "आजी, यातली एक सुनेची. दुसरी कुणाची?" आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे माह्या घरची." बाई सासरी परतली. दुसरं लेकरू वाहक निघालं, धडधाकट आहे. पहिल्याच्या गोळ्या चालू आहेत. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. भांडणात 'खोट' हा शब्द अजून निघतो, असं ती सांगते. पण आता ती उत्तर देते, "खोट नाही, बांगडी आहे. आणि एक तुमचीही आहे."

बांगड्या मी बरोबर आणल्या आहेत. चहानंतर गट करून बसू या, आणि प्रत्येकीने एकदा दुसरीला समजावून सांगायचं. मला सांगता येणं पुरेसं नाही, गावात तुम्हाला सांगता यायला हवं.